तालेराँला खुर्ची नाही

५ ऑक्टोबर, रविवार

आज स्टाफरूममध्ये शरफुन्निसा मॅडमनी जाहीर केलं की यंदा सोशल सायन्स डेला व्हिएन्नाची परिषद फरहाना बसवणार. माझी परिषद! 'माझी' म्हणायचं नाही म्हणे, शाळेची. कसली डोंबलाची शाळेची? मी सौदीतल्या जुबैलच्या या शाळेत आले तेव्हा मुलींच्या विभागात इतिहास म्हणजे पुस्तकात पिवळ्या मार्करने रेघा मारणं होतं. नेपोलियन हरल्यावर युरोपची वाटणी करायला जमलेले ते सगळे मुत्सद्दी दहावीच्या मुलींनी व्हायचं, हे माझं डोकं. जिंकलेल्या चार देशांना चार खुर्च्या आणि हरलेल्या फ्रान्सच्या तालेराँला खुर्चीच नाही, हेही माझंच. तो पाय ओढत आत येतो आणि नुसत्या बोलण्यावर आपली जागा मिळवतो. कुठल्याही मुलीला मी आधी सांगत नसे, कशी मिळवायची ते.

कारण काय, तर रेवा यंदा दहावीत आहे. आईने लेकीच्या वर्गाला शिकवायचं नाही हा शाळेचा नियम. म्हणून एप्रिलपासून मी आठवीत. नियम मला ठाऊक आहे, चांगला आहे, मीच दोघीतिघींना ऐकवलेला आहे. पण ही फरहाना आत्ता सप्टेंबरात आली आणि माझं तयार ताट तिच्या पुढ्यात. दापोलीची आहे. नवरा गफूर इथे फॅब्रिकेशन यार्डात फोरमन. आल्या दिवसापासून मला 'पद्मजाताई' म्हणते, मराठीत गप्पा मारते, आणि मला मेलीला किती बरं वाटलं होतं! मीच तिला सगळी शाळा हिंडून दाखवली.

७ ऑक्टोबर

रेवाला तालेराँ मिळाला. दप्तर सोफ्यावर टाकून, "आई, आय गॉट तालेराँ!" करत नाचली. मी म्हटलं, ये, बस, मी सांगते त्याचं काय करायचं ते. तर म्हणे, "नो नो, फरहाना मिस सेज आम्ही स्वतः शोधायचं."

अगं, ते मीच तर म्हणायची! गेली इतकी वर्षं मीच म्हणते! पण हे बोलून काय उपयोग. मी भेंडी चिरायला घेतली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आठवड्याचा फोन. डायनिंग टेबलावर टॅब उभा केला की इकडे मी आणि अनिमेष, तिकडे पुण्याहून कमलाकर भावजी आणि नाशिकहून दर्शना वन्सं. विषय एकच, रेवाचं दहावीनंतर काय. भावजींनी पुण्यात क्लासची चौकशी करून ठेवली आहे. त्यांच्याच घरी राहील, सायन्स घेईल, इंजिनीअर होईल. वन्संना ती नाशिकला हवी, कारण त्यांचा अमोघ कॅनडाला गेल्यापासून घर खायला उठतं. अनिमेषचं म्हणणं, "दादा म्हणतोय ते बरोबर आहे, पण घाई नको." म्हणजे काहीच नाही. या माणसाने प्लांटमध्ये जेवढे व्हॉल्व्ह उघडले तेवढ्या वेळा घरात तोंड उघडलं असतं तर!

मी मात्र ठाम सांगितलं, अकरावी-बारावी ती इथेच करेल. माझी मुलगी दोन वर्षं माझ्याजवळ राहील, मग बघू. भावजी म्हणाले, "वहिनी, हे तुमचं प्रेम बोलतंय." म्हटलं, हो, मग कोण बोलणार?

मध्येच रेवा पाणी प्यायला आली. अनिमेषने मान वर न करता सांगितलं, "बेटा, आत जा, मोठे बोलतायत." ती गेली. मुलगी गुणाची आहे, उलट बोलत नाही.

१६ ऑक्टोबर

रेवाने आज आपणहून मला इतिहास विचारला! "आई, तालेराँला घरातून पाठवलं तेव्हा तो केवढा होता?" मी हातातलं लाटणं ठेवून बसलेच. सांगितलं, की लहानपणीच पाय अधू झाला, म्हणून घराणं धाकट्या भावाच्या नावे गेलं आणि याला धर्मगुरू करायला पाठवला. त्याला विचारलंसुद्धा नाही. आईबापांसोबत एका छताखाली तो कधी नीट राहिलाच नाही, असं सांगतात.

"आणि त्याची आई? शी डिडन्ट स्टॉप देम?"

मी म्हटलं, त्या काळी त्या घरांत तशीच रीत होती. कोण कोणाला थांबवणार.

"हम्म," ती म्हणाली, "मिसनी पण हेच सांगितलं."

म्हणजे आधी तिकडे विचारून झालं होतं! माझं उत्तर नुसतं ताडून बघत होती. इतका राग आला की पुढची पोळी करपली. ती थोडा वेळ ओट्याशी उभी होती, अजून काही विचारायचं असावं, पण मी वळून बघितलं नाही.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. शाळा होतीच. घरी येऊन दारं लावून पूजा केली, खिडकीत पणत्या. फरहानाने रेवाबरोबर डबा पाठवला, सांदणं. कोकणातली, फणसाचा रस घातलेली. रेवाने डबा चाटूनपुसून रिकामा केला. माझ्या चकलीचा तुकडाही मोडला नाही.

सांदणं चांगली होती. मीही दोन खाल्ली.

२८ ऑक्टोबर

आज जे ऐकलं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तिसऱ्या तासाला कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या कूलरपाशी, रेवा आणि फरहाना. मी वळणाअलीकडेच थांबले. फरहाना म्हणाली, "मग काय झालं गो? बोलायचं." आणि माझी रेवा, जिला मी पंधरा वर्षं 'मराठीत बोल, मराठीत बोल' म्हणून घसा सुकवला, जी 'जेवायला काय आहे' एवढंही मला इंग्रजीत विचारते, ती म्हणाली, "मला नीट सांगता येत नाही, मिस. पण मी सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं? आणि सांगितल्यावर कळलं, तर मग त्याला काय अर्थ आहे?"

सलग! न अडखळता! चक्क 'मग त्याला काय अर्थ आहे'!

मला आनंद व्हायला हवा होता. कुठल्याही आईला झाला असता. माझी मात्र सगळीकडून आग झाली. माझी भाषा ती दुसरीकडून शिकली आणि वापरतेही दुसरीकडेच. ती काय सांगत होती कोण जाणे, प्रोजेक्टचं असेल.

२९ ऑक्टोबर

शरफुन्निसा मॅडमकडे गेले. म्हटलं, शाळेत इंग्रजीच बोलायचा नियम आहे ना, मग नव्या टीचर मुलींशी मराठीत बोलतात ते चालतं का. त्यांनी चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं. "पद्मजा मैडम, आप तो खुद मराठी हैं। आपकोइच बुरा लग रा?"

"मैडम, नियम तो नियम है," मी म्हटलं.

त्या "अच्छा" म्हणाल्या आणि लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मला फार हलकं वाटलं. नंतर नाही वाटलं.

२ नोव्हेंबर

फरहानाला समज मिळाली. तिनेच सांगितलं, चहा पिताना. "कोणीतरी सांगितलं असेल, ताई. जाऊ दे. नवीन माणसावर सगळ्यांचं लक्ष असतं." वर माझ्याच बशीत बिस्किट ठेवलं.

दहावीला शिकवत असताना मी मुलींना फूशेची गोष्ट रंगवून सांगायची. नेपोलियनचा पोलीसमंत्री, घराघरात ज्याचे कान, आणि चेहरा असा की जणू काही ठाऊकच नाही. मुली नाकं मुरडायच्या. "छी मिस, सो चीप!"

मी बिस्किट खाल्लं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परिषद झाली.

सरळ लिहिते, इथे कोण बघणार आहे. सकाळपासून मला वाटत होतं की फसावी. रेवाची फजिती व्हावी असं नाही, देवा शप्पथ नाही, पण एकूण कार्यक्रम पडावा आणि कोणीतरी म्हणावं, पद्मजा मॅडम असताना काय व्हायचं!

स्टेजवर टेबल, चार खुर्च्या, चार मुली. इंग्लंड, ऑस्ट्रिया, रशिया, प्रशिया. रेवा आली. आजवरच्या मुलींनी कोणी हात जोडले, कोणी भांडून खुर्ची ओढली, एकीने तर प्रेक्षकांतली उचलून आणली होती. रेवाने काहीच केलं नाही. पाय ओढत टेबलाशी आली, कागद उचलला, वाचला, आणि विचारलं, इथे 'मित्रराष्ट्रं' लिहिलंय, ती कोणाविरुद्ध? लढाई तर संपली. हे इतिहासातलंच आहे, मला अपेक्षित होतं. पण मग तिने कागद खाली ठेवला आणि इंग्रजीत जे म्हणाली ते कुठल्या पुस्तकात नाही. "तुम्ही सगळे फार चांगले आहात. सगळं माझ्या भल्यासाठीच ठरवलंत. मला आत बोलवायचं तेवढं विसरलात."

आणि ऑस्ट्रियाचा मेटरनिक झालेली ती केरळची मुलगी, तिला कोणी सांगितलेलं नसताना, उठली आणि तिने स्वतःची खुर्ची रेवाला दिली.

माझ्या डोळ्यांतून पाणी. टाळ्या वाजवून हात लाल झाले. माझी लेक! कोणाच्या डोक्यातून आलं असेल हे वाक्य? फोटो काढायला मी फोन घेऊन पायऱ्यांशी पोचले. रेवा धावत खाली आली आणि माझ्या शेजारून जाऊन फरहानाच्या गळ्यात पडली.

नंतर माझ्याकडेही आली. "आई, कसं झालं?" मी म्हटलं, छान. थोडं भरभर बोललीस.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजच्या फोनवर मी म्हटलं, "भावजी, मला पटलं. पाठवू पुण्याला."

भावजी खूश झाले, वन्सं रुसल्या, "पुणंच का, नाशिक काय वाईट आहे?" अनिमेष माझ्याकडे बघतच राहिला. फोन संपल्यावर म्हणाला, "पद्मजा, काय झालं तुला?" म्हटलं, काही नाही. तिथे वातावरण चांगलं आहे, स्पर्धा आहे, क्लास आहेत. इथे काय ठेवलंय?

सगळी कारणं खरी आहेत. पुण्यात फरहाना नाही, हे कारण मी कोणाला सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर

रेवाला अनिमेषने सांगितलं. ती माझ्याकडे आली, ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, तूसुद्धा?"

एवढंच. मी वातावरण आणि स्पर्धा सांगायला लागले. ती ऐकून घेऊन खोलीत गेली. एकदा तरी भांडली असती! हे गप्प राहणं तिला कोणी शिकवलं मला ठाऊक आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन लागला आणि रेवा खोलीतून बाहेर आली. अनिमेष सवयीने "बेटा, आत..." म्हणेपर्यंत तिने खुर्ची ओढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली. आणि मराठीत बोलायला लागली. भावजी म्हणाले, "अरे वा, हिला मराठी येतं?" मी कुठे बघू मला कळेना.

"काका, मी तुमच्याकडे आले तर आर्ट्स घेऊ देणार का?"

"आर्ट्स? इंजिनीअरिंगसाठी येणार ना तू?"

"आत्या, तू देशील?"

वन्सं म्हणाल्या, "सोन्या, तू भांडी घासायचा कोर्स घे, पण ये!"

"बाबा, तुम्हाला मी इंजिनीअर व्हायला हवंय, का काकांना नाही म्हणता येत नाही?"

अनिमेषने चष्मा पुसला. मग, मी कानांनी ऐकलं, म्हणाला, "नाही म्हणता येत नाही."

झालं! आम्ही चौघं महिनोन् महिने घोळ घालत होतो, तिने चहा निवायच्या आत चौघांच्या चार वाटा केल्या. नाशिक, आत्याचं घर, आर्ट्स, इतिहास. आमच्या शाळेत अकरावीला सायन्स आणि कॉमर्सच आहे, हेही तिने सांगितलं. मग ती माझ्याकडे वळली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मला वाटलं, माझी परवानगी मागतेय. माझाही ताठा कमी आहे का? मी मान हलवली, जा म्हटलं.

नंतर स्वयंपाकघरात आली. "तू काहीच बोलली नाहीस."

"बोलायला तू आहेसच की आता," मी म्हटलं. "चांगलं शिकवलंय तिने."

रेवाचा चेहरा पांढरा पडला. मग शांतपणे, मराठीतच, म्हणाली, "शरफुन्निसा मॅडमनी मला बोलावलं होतं. म्हणाल्या, तुझ्या अम्मीला तू मराठी बोललेलं आवडत नाही, तर नको बोलू. आई, मी तुझ्याशी नीट बोलता यावं म्हणून शिकत होते. मिसना मीच सांगितलं होतं, माझ्या चुका काढा."

मी गॅस बारीक केला.

"मी इथे राहिले असते तर तू रोज बघितलं असतंस मी कोणाशी किती बोलते ते," ती म्हणाली. "मला ते नकोय."

४ डिसेंबर

रेवा आता माझ्याशी मराठीत बोलते. 'मीठ दे.' 'उद्या युनिफॉर्म धुवायचाय.' 'गुड नाइट'ला 'झोपते' म्हणते. पंधरा वर्षं जे मागितलं ते मिळालं, आणि ऐकवत नाही.

अनिमेष म्हणतो, तू तिच्याशी बोल. काय बोलू? मी वाईट आहे, हे? ते तिला कळलंय.

७ डिसेंबर, रविवार

शाळा सुटल्यावर गेटच्या सावलीत गाडीची वाट बघत होते. फरहाना येऊन शेजारी उभी राहिली. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

"ताई, मला माहिती आहे," ती म्हणाली. "तक्रारीचं. रेवा रडत होती, तेव्हा बोलली. मी मनात नाही ठेवलं हां. माझी आई पण अशीच. माझी मावशी मला वेणी घालायची, तर आई परत सोडून घालायची."

मी म्हटलं, "चुकलं माझं." खूप हळू म्हटलं, पण म्हटलं.

"ते जाऊ दे. एक सांगू? तिला जायचं नव्हतं. पहिल्या दिवसापासून. मी शंभरदा सांगितलं गो तिला, आईला सरळ सांग, आई थांबवेल. तर म्हणायची, नाही मिस, मी सांगितल्यावर थांबवलं तर काय उपयोग. आईने आपणहून म्हणायला पाहिजे, जाऊ नकोस. त्या शेवटच्या फोनला पण ती थांबली होती म्हणे, तुम्ही म्हणाल म्हणून."

तिची गाडी आली, गफूरभाईंनी आतूनच सलाम केला. ती गेली. मी तिथेच.

आणि खरं लिहू? रडू नंतर आलं. पहिल्यांदा काय आलं, तर हे, की माझ्या मुलीच्या मनातलं हिला ठाऊक आणि मला नाही! एवढं ऐकूनही पहिल्यांदा तेच आलं. धन्य आहे माझी.

घरी येऊन हातपाय धुतले आणि सरळ रेवाच्या खोलीत गेले. ती हेडफोन लावून गणितं करत होती.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

तिने हेडफोन काढले. "काय?"

"जाऊ नकोस. मला नाही पाठवायचं तुला. पहिल्यापासून नव्हतं पाठवायचं."

ती म्हणाली, "मिसनी सांगितलं तुला असं म्हणायला?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द, आणि सगळं माझं झालं असतं. आपणहून आलेली आई. ओठांवर आला होता तो शब्द.

"हो," मी म्हटलं. "तिने सांगितलं. मला सुचलं नव्हतं."

रेवाने पलंगावरची पुस्तकं एका हाताने बाजूला सारली. मी बसले.

"मी जाणार आहे, आई," ती म्हणाली. "आत्याने अमोघदादाची खोली रिकामी करायला घेतलीय. आणि मला खरंच हिस्टरी घ्यायचीय. आधी नव्हती घ्यायची, आता घ्यायचीय."

"माहितीय."

"पण आता चिडून नाही जाणार."

मग तिने पाय माझ्या मांडीवर टाकले. केवढे लांब झालेत पाय! आणि विचारलं, तालेराँने इतक्यांदा बाजू बदलली, बिशप, मग क्रांती, मग नेपोलियन, मग परत राजा, तर लोकांनी त्याला माफ कसं केलं? मी म्हटलं, सगळ्यांनी नाही केलं. "आणि तू?" म्हणाली. मी म्हटलं, मला तो आधीपासून आवडतो, मी काय सांगणार. ती हसली. अनिमेष ड्यूटीवरून येईपर्यंत मी बोलत होते आणि ती ऐकत होती, आणि एकदाही 'मिसनी पण हेच सांगितलं' म्हणाली नाही.

मार्चमध्ये परीक्षा, एप्रिलमध्ये नाशिक. जाणार ती.

फरहानाला सांगायला हवं, की बोलणं झालं, बरं झालं. वाट बघत असेल बिचारी. उद्या सांगते. नको, परवा सांगेन. एक दिवस तरी हे फक्त माझं असू दे.